साडेबारा

डॉक्टर नीमांनी विचारलं, भूक कधी लागते?
मी म्हटलं, साडेबाराला.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"ती तर वेळ झाली, भाभीजी. भूक?"

एकसष्ट वर्षं जेवतेय.
हे कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या परदेशीपुऱ्यात भूक मिलमध्ये राहायची.
साडेबाराला भोंगा व्हायचा आणि अख्ख्या गल्लीची पोटं
दुकानांच्या शटरांसारखी एकदम उघडायची.
आई डबा घेऊन गेटवर, आम्ही पाटावर.
लागली नसली तरी लागायची.
अकरालाच लागली असली तर गप्प बसायची,
तिलाही ठाऊक होतं, भोंगा कुणाचं ऐकत नाही.

पुढे मिल बंद पडली.
थकबाकीचे कागद उरले, गेटच्या खांबात पिंपळ उगवला,
भोंगा तेवढा माझ्यात चालू राहिला.
लग्नानंतर त्यात ह्यांचं पान आधी, मग मुलांचं,
मग उरलेलं माझं,
आणि उरलेलंही उरलं तर टाकवत नाही
म्हणून पुन्हा माझंच.
कधी भूक मरून गेल्यावर जेवले, कधी नसतानाच.
आमच्या दोघींची गाठ अशी पडलीच नाही.

मंगळवारी ठरवलं, आज वाट बघायची.
मशीनवर पालीवालबाईंच्या ब्लाउजची बाही होती.

अकराला काहीतरी हललं.
नीट ऐकलं. ती शेजारच्या खिडकीतली
हिंगाची फोडणी होती.

साडेबाराला पाय आपोआप ओट्याकडे निघाले.
त्यांना म्हटलं, बसा.

एकला मुलीचा फोन येऊन गेला, दोन मिनिटांचा.
त्यानंतर जे हवंसं झालं ते शेवेच्या डब्यात होतं,
पण लागलं होतं पोटात नाही,
छातीत, जरा डावीकडे.
झाकण उघडलं, लावलं.
चिमूटभर शेव तोंडात टाकली, खोटं कशाला बोलू.

दोन. अडीच.
बाही उलटी जोडली गेली.
उसवताना आधी दोऱ्यावर चिडले, मग सुईवर,
मग गेलेल्या ह्यांच्यावर, काही कारण नसताना.
आणि तेव्हा,
बेंबीच्या चार बोटं वर,
रिकाम्या खोलीत कुणी खुर्ची सरकवावी
तसा आवाज.

थांबले.
पुन्हा सरकली.

तीन वाजून वीस मिनिटं.
"आले, आले," मी मोठ्यांदा म्हटलं.
घरात दुसरं कुणी नव्हतं.

तव्यावरची पोळी, मुगाचं वरण,
काकडीच्या चकत्या, वर जिरावन.
पोळीला तूप नव्हतं आणि आठवणही झाली नाही.
दीड पोळीनंतर खुर्ची जागच्या जागी बसली.
अर्धी उरली ताटात.
लगेच आई: पानात टाकू नये गं,
गेटवर माणसं उपाशी बसलीत.
खरं होतं तिचं. बाबाही त्यांच्यात होते.
मी अर्धी पोळी डब्यात ठेवली
आणि बराच वेळ त्या डब्याकडे बघत राहिले.

रोज जमतं असं नाही.
परवा सत्यनारायणाच्या पंगतीत
आग्रहापुढे तिचा आवाज कुठे येतो?

शनिवारी भाचा, हृषीकेश, स्कूटरवरून सराफ्यात घेऊन गेला.
रात्रीचे अकरा, जानेवारीची थंडी,
सोन्याची दुकानं मिटलेली,
त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया पेटलेल्या.
त्यानं गराडूचा द्रोण पुढे केला.
"खा ना मावशी, वेळ काय बघतेस?"
"वेळ नाही बघत. थांब, विचारून सांगते."
"कुणाला?"

मी स्वेटरवर हात ठेवून जरा वाकले.
मागे तेल चरचरत होतं, कुणी लिंबू पिळत होतं,
ऐकू यायला वेळ लागला.

दोन फोडी, असं उत्तर आलं.
मी चार खाल्ल्या.
पण विचारलं होतं.